एकतीस नंबरची बाई

बोरवस्ती, ता. पाथर्डी
९ जून २०२५

चि. दिपालीस मावशीचे आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, चुलीवर पाणी ठेवलं आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली, तेवढ्यात तुमची रक्त तपासायची गाडी वाजली. डिसेंबरातली थंडी होती. भाकरी तशीच तव्यावर राहिली आणि करपली. शेळी तशीच ओरडत राहिली. मी डोक्यावर पदर घेऊन समाजमंदिराकडं पळाले, कारण तू पुण्याहून फोनवर बजावलं होतंस, "मावशी, बाया तुझ्यावर विश्वास ठेवतात, तूच त्यांना बसव."

तुला ती मजा बघायला मिळाली नाही. साळूबाई रांगेत पहिली. रक्ताची नळी भरताना बघून मला म्हणाली, "चांगुणे, येवढं रगत नेऊन करत्यात काय?"

मी म्हटलं, "परदेशातल्या बायांच्या रगताशी लावून बघनार हायेत."

"लावून बघायला काय साडी हाय व्हय?"

सगळ्या हसल्या. मग ते मुठीत धरून दाबायचं यंत्र आलं. साळूबाईनं ते असं दाबलं की टेबलावरची पोरगी म्हणाली, "आजी, मोडाल."

तुमच्या संस्थेच्या काकासाहेबांनी चाळीस ते सत्तर वयाच्या चाळीस बायांची यादी दिली होती. चाळीसच्या चाळीस नंबर भरले. एकही रिकामा गेला नाही, याचं मला समाधान आहे. साखर आणि अंगातलं रक्त किती, ते तेव्हाच चिठ्ठीवर दिलं. बाकीचं काय निघालं ते कुणी सांगितलं नाही. सहा महिने झाले, बाया मला विचारतात.

फोन कर म्हणशील. फोनवर मला जे विचारायचं तेच विसरतं. हे गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, त्यामुळं कागदावरच बोलायची सवय लागली. माझ्या वैजनाथच्या पहिलीच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि हे हसले होते. पण शेवटच्या आजारपणात माझ्याकडूनच पेपर वाचून घ्यायचे. यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. अजून संध्याकाळी पेपर उघडला की मी पहिली ओळ मोठ्यानं वाचते.

वैजनाथ आणि सून पंकजा मार्चअखेर ऊसतोडीच्या कारखान्यावरून परत आले. नात संस्कृती दुसरीत गेली. पंकजाचं अंग सारखं भरून येतं. उन्हाचं असेल.

रक्ताचं काय झालं ते कळव.

तुझी मावशी,
चांगुणा


पुणे
२० जून २०२५

ती. मावशीस दिपालीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मी ऑफिसात दोघींना वाचून दाखवलं. साळूमावशीची साडी आता आमच्याकडं रोज निघते.

खरंतर तिनं बरोबर ओळखलंय. लावूनच बघतोय आम्ही. चार देशांतल्या बाया: जपान, हॉलंड, मेक्सिको आणि आपण. तू विचारशील, रक्तच कशाला, तोंडी विचारावं की तब्येत कशी आहे. तर तोंडी विचारलं की हॉलंडची बाई गुडघा जरा दुखला तरी सांगते, आणि आपली साळूमावशी म्हणते, "मला काय धाड भरलीय?" दोघींची उत्तरं शेजारी ठेवली तर साळूमावशी हॉलंडवालीपेक्षा ठणठणीत ठरते. रक्त असं भिडेखातर बोलत नाही. त्यात साखर, सूज, यकृत, मूत्रपिंड या सगळ्यांच्या खुणा असतात. त्या एकत्र करून आम्ही शरीराचं वय काढतो. कागदावरचं वय वेगळं, शरीराचं वेगळं.

आता मन घट्ट करून वाच. तुमच्या वस्तीवरच्या बायांचं शरीर कागदापेक्षा सरासरी अकरा वर्षांनी म्हातारं निघालं. जपानमधल्या साठीच्या बाईचं जे रक्त, ते तुमच्याकडच्या पन्नाशीच्या बाईचं. मी तो आकडा तीनदा तपासला. चूक माझीच असावी असं वाटत होतं. मी त्याच वस्तीवर सुट्टीत राहायचे, त्याच बायांच्या हातचं खाल्लं.

पण एक चांगली गोष्ट सांगते. नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. तुमच्या वस्तीवरची एकतीस नंबरची बाई. वय बावन्न, शरीराचं वय एक्कावन्न! चाळिसांत ही एकटीच. जपानच्या बायांमध्ये ठेवली तर ओळखू येणार नाही. मूत्रपिंडाचा आकडा तेवढा जरा उतरलेला आहे, पण बावन्नाव्या वर्षी तो चालतो. आमच्या मोठ्या बाई तर तिच्या प्रेमातच पडल्यात. ती काय खाते, किती झोपते, हे बघायला ऑगस्टच्या वीस तारखेला बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन येणार म्हणतात. माझ्या कामात पहिल्यांदा कुणी एवढा रस घेतलाय. ती कोण असेल असं तुला वाटतं?

तुझी,
दिपाली


बोरवस्ती
२७ जून २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अकरा वर्षांचं मी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगू?

थोडं विचारायचं आहे. वय लिहिताना चूक झाली तर तुमच्या हिशेबात काय फरक पडतो? समजा, लिहिलं एक आणि बाई दुसऱ्याच वयाची, तर? आणि एखाद्या अठ्ठावीस वर्षांच्या पोरीचं रक्त त्या एकतीस नंबरसारखं निघालं तर त्याचा अर्थ काय? मी आपलं सहज विचारते. वाचताना मनात आलं.

अंगदुखीच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडतं का, तेही लिही.

पाहुण्यांना इतक्यात आणू नका. पावसापाण्याचे दिवस आहेत, रस्ता खराब आहे.

मावशी


पुणे
८ जुलै २०२५

ती. मावशीस सा. न.

तुझ्या पत्रात पाऊसपाणी आलं म्हणजे तू काहीतरी टाळतेयस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला वाटतं तू अकरा वर्षांच्या आकड्यानं हबकलीस. मीही हबकले होते.

वयाची काळजी करू नकोस. जुन्या बायांना जन्मसाल माहीत नसतं, कुणी दुष्काळावरून सांगतं, कुणी थोरल्या भावाच्या लग्नावरून. दोन-चार वर्षं इकडंतिकडं होतात, ते आम्ही धरूनच चालतो.

अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं म्हणशील, तर तसं रक्त निघालं असतं तर मी पत्र लिहीत बसले नसते, गाडी करून आले असते. जे बावन्नाव्या वर्षी बरं म्हणायचं, ते अठ्ठाविसाव्या वर्षी धोक्याचं. मूत्रपिंड दुखून सांगत नाही, मावशी. बरंचसं काम थांबेपर्यंत माणूस चालत-फिरत असतो. पण आपल्या यादीत चाळिशीच्या आतलं कुणी नव्हतंच, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

गोळ्यांचं खरं आहे. रोज घेतल्या, त्यात ऊन आणि पाणी कमी, तर मूत्रपिंड जातं. साळूमावशी घेते का? तिला बंद करायला सांग.

पाहुण्यांचं नक्की झालंय. वीस ऑगस्ट. एकतीस नंबरच्या बाईनं फक्त रोजचा स्वयंपाक करायचा, ते बघतील.

दिपाली


बोरवस्ती
२ ऑगस्ट २०२५
(स्पीड पोस्टानं)

दिपाली,

ही बाई तुमच्या पाहुण्यांना दाखवता येणार नाही. एकतीस नंबर बनुबाईचा होता. रक्त बनुबाईचं नाही. पंकजाचं आहे.

तुझं वीस जूनचं पत्र मी वाटेवरच उघडलं होतं, पोस्टमनची गाडी अजून वळलीही नव्हती. एकतीस हा आकडा वाचला आणि बाभळीखाली बसले. बायांना पुकारायला मी नंबर वहीत लिहिले होते. वही न उघडताच मला माहीत होतं.

कसं झालं ते सांगते. डिसेंबरात निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. तुमच्या यादीतल्या सात बाया कारखान्यावर होत्या, त्यात बनुबाई. टोळीत कसं असतं ते तू ऐकलं आहेस. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांतलं एक आजारी पडलं तर घरातलं दुसरं कुणी त्या जागी उभं राहतं. मुकादम वहीतलं नाव बदलत नाही. नाव तिचंच, हात दुसरीचे. याला आम्ही बदली म्हणतो, आणि यात कुणाला काही खोटं वाटत नाही. उलट जागा रिकामी ठेवली तर खोटं वाटतं. यादीत सात जागा रिकाम्या दिसल्या, तुझं काम अडेल असं वाटलं, म्हणून मी सात बदल्या बसवल्या. मला ते चांगलंच वाटलं होतं. पहिल्या पत्रात मी तुला तेच अभिमानानं लिहिलं, चाळीसच्या चाळीस.

पंकजा तेव्हा संस्कृतीला गोवर निघाला म्हणून आठ दिवसांसाठी तिकडून आली होती. मीच तिला म्हटलं, बनुबाईच्या नावावर बस, पदर पुढं घे. टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "वय?" मी मागून सांगितलं, "बावन्न." पोरीनं वर बघितलं. म्हणाली, "मावशी, शरीर बरं राखलंय हो तुम्ही." सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पंकजाही हसली. मीही हसले. दिपाली, त्या पोरीनं माझ्या सुनेचं तोंड बघितलं आणि तिला संशय आला नाही. हे मला आता उमगतं आहे.

तुझं दुसरं पत्र आल्यावर पंकजाला टाकीजवळ गाठलं. ती कपडे आपटत होती.

"पंकजा, अंगदुखीच्या गोळ्या किती खातीस?"

"कवातरी येखांदी."

"खरं सांग."

"तोडीवर असल्यावर दोन. लई दुखलं तर तीन. मुकादमच देतो की, डबा असतो त्याच्याकडं. समद्याच खात्यात, आत्या."

"आन् पानी?"

ती हसली. "पानी पिलं की भाईर जावं लागतंय. फडात समदी गडीमानसं. म्हनून दुपारपस्तोर पीतच न्हाई कुनी."

मी तिच्या पायाकडं बघितलं. घोट्याच्या वर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला. यांच्या पायावर असाच खड्डा राहायचा. तेव्हा आम्ही म्हणायचो, उभ्यानं काम करून पाय सुजलेत. डॉक्टरनं दोन्ही मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितल्यावर हे चार महिने जगले. यांच्या उशाशीही तसलाच डबा होता. त्यातल्या गोळ्या मी माझ्या हातानं द्यायचे. दुखतं म्हणाले की द्यायचे.

मग तुला लगेच का लिहिलं नाही? पंकजाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. तिला तालुक्याला नेलं, तिथल्या डॉक्टरनं रक्त न बघता अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं आणि मला बरं वाटलं. मला तेच ऐकायचं होतं. शिवाय तुला सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, आणि लोक म्हणतील नगरकडच्या बाया लबाड. असे वीसेक दिवस मी घालवले. रोज पत्र लिहायला घेत होते.

काल बनुबाईला सांगितलं. ती आधी म्हणाली, "माज्या नावानं दिलं तर दिलं, मला सुई तर टोचली न्हाई." मग सगळं समजल्यावर म्हणाली, "म्हंजी माज्या वयाची निगाली ती. चांगुने, मग माजं काय निगंल?"

तिचं नाव मी वहीत वेगळं लिहून ठेवलं आहे.

सातही जणींची खरी नावं आणि खरी वयं मागच्या कागदावर लिहिली आहेत. तुझ्या मोठ्या बाईंना दाखव. दोष माझा आहे, बायांचा नाही.

मावशी


पुणे
८ ऑगस्ट २०२५

मावशी,

काल फोनवर मी नुसती ओरडले आणि तू नुसती "हो" म्हणत राहिलीस, त्यामुळं कामाचं काहीच बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते. हे पत्र पंकजालाही वाचून दाखव.

येत्या गुरुवारी, चौदा तारखेला, पहिल्या एसटीनं तिला घेऊन नगरच्या सरकारी दवाखान्यात ये. मी पुण्याहून थेट तिथं येते. केसपेपर तिच्याच नावानं काढू. तोपर्यंत कुठलीही गोळी नाही, आयुर्वेदिक म्हणून कुणी दिली तरी नाही.

पाहुणे येणार नाहीत. तुझा कागद मी बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं आता मला घरी जायला सांगतील. त्यांनी विचारलं, "बाकीच्या अकरा गावांत आपण कधी गेलो होतो?" मी म्हटलं, "डिसेंबर-जानेवारीत."

मावशी, तू सात नावं बदललीस ही चूक आहेच, आणि मी रागावले आहे. पण आमची चूक बघ. ऊस तोडणाऱ्या बायांची तब्येत मोजायला आम्ही अशा महिन्यात आलो, जेव्हा त्या घरी नसतात. काकासाहेब याच भागातले, त्यांनाही सुचलं नाही. मी तर तुमच्याकडच्या तोडीवर गेलेल्या घरांना कुलपं लावलेली बघत मोठी झाले. ती अकरा वर्षं जी आम्ही मोजली, ती बहुतेक मागं राहिलेल्या बायांची. गेलेल्यांची किती, हे आम्हाला ठाऊकच नाही. तोडीवरच्या एकाच बाईचं रक्त नक्की आमच्याकडं आलं, आणि ते आम्ही आनंदानं जपानच्या रांगेत ठेवलं. मी तुला ती चांगली गोष्ट म्हणून सांगितली. हे वाक्य मी कसं लिहिलं असेल, "मन घट्ट करून वाच, पण एक चांगली गोष्ट सांगते"? ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पंकजाच्या लग्नात मी तिच्यासोबत बसले होते. तेव्हा ती एकोणीसची होती.

माझ्या नोकरीचं नंतर बघू.

दिपाली


बोरवस्ती
१९ ऑगस्ट २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू पुण्याची गाडी धरलीस, त्यानंतरचं सांगते.

परतीच्या एसटीत पंकजा खिडकीशी बसून होती. करंजी घाटात म्हणाली, "आत्या, डाक्टरांनी वय इचारलं आन् मी अठ्ठावीस म्हनलं तर परत कागद का बघितला?" मी म्हटलं, "खात्री करून घेत्यात." ती म्हणाली, "आता खोटं तर न्हाई सांगितलं," आणि हसली. मला हसता आलं नाही.

डॉक्टर तुझ्यासमोर जे बोलले ते मी घरी वैजनाथला शब्द न बदलता सांगितलं. मूत्रपिंडं निम्मंच काम करताहेत. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवता येईल, पण उन्हातलं काम नाही, गोळी नाही, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. तो ऐकत राहिला. त्याला खरं वाटत नव्हतं. पंकजा समोर भाकरी करत होती, आणि तो तिच्याकडं बघून मला म्हणाला, "ही? ही तर परवा दोन हांडे पानी घिऊन आली."

"मूत्रपिंड दुखून सांगत न्हाई," मी म्हटलं. तुझंच वाक्य.

शनिवारी तो सकाळीच बाहेर पडला. नागापूरला एमआयडीसीत एका ओळखीच्याकडं जाऊन आला. तिथं काम आहे असं नाही, नाही असंही नाही. रविवारी जेवताना बोलला.

"आई, वाल्मिक मुकादमाच्या वहीत आमचा कोयता लिवलाय. औंदा तोडीचा येवढा येक पट्टा जाऊ दे. पुढल्या सालापासनं तिला न्हाई नेत."

मी काही बोलायच्या आधी पंकजाच म्हणाली, "मी येते की. गोळी खानार न्हाई. पानी पीत जाईन."

"कुठं पिशील? भाईर कुठं जाशील?" मी विचारलं.

ती तव्यावरची भाकरी उलटायला वळली.

वैजनाथ म्हणाला, "समद्या बाया जात्यात, आई."

"समद्याच तशा झाल्यात, बाळा. तुझ्या ताईनं चार देश लावून बघितले. आपल्याला वाटतंय आपल्या बाया अशाच असत्यात. चाळिशीला वाकायचं, पन्नाशीला संपायचं. अशा नसत्यात. दुसरीकडं नसत्यात."

"मग माझ्याजोडी कोन? येकट्याचा कोयता मुकादम घेत न्हाई."

"म्हाईत न्हाई."

"मग आमी खायचं काय?"

"ते बी म्हाईत न्हाई. तुझे वडील बी म्हनले हुते, येवढा येक पट्टा जाऊ दे. मी जाऊ दिला. येवढंच मला म्हाईत हाय."

तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन बसला. पंकजानं त्याचं ताट झाकून ठेवलं. मी काल दिवसभर वाट बघितली की तो स्वतःच जाऊन मुकादमाला सांगेल. तो गेला नाही. जाऊ नको असंही मला म्हणाला नाही. संध्याकाळी बनुबाई येऊन बसली. पुण्याच्या बाई रक्त तपासायला पुन्हा कधी येणार विचारत होती. मी सांगितलं, तोडीला निघायच्या आधी बोलावते. तिच्या मागं आणखी चौघी उभ्या होत्या. साळूबाई होती, पण या खेपेला तिनं काही विनोद केला नाही. तुझ्या मोठ्या बाईंना म्हणावं, या वेळी जी बसेल तीच बसेल. दिवाळीच्या आत या. दिवाळी झाली की ट्रक येतात.

हे पत्र काल रात्रीच लिहायला बसणार होते, पण अर्धवट राहील म्हणून थांबले. आता पूर्ण करते. आज सकाळी मी वाल्मिक मुकादमाच्या घरी गेले, त्याच्याकडून वही मागून घेतली आणि पंकजाच्या नावावर माझ्या हातानं रेघ मारली.

तुझी मावशी,
चांगुणा